‘लोकप्रतिनिधीची पारख’ : चार संध्याकाळींच्या अभ्यासवर्गाविषयी अभिप्राय

पश्चिम नागपुरातील एका वाचनालयाने अलीकडेच ‘लोकप्रतिनिधीची पारख’ या विषयावर चार संध्याकाळींचा अभ्यासवर्ग घेतला. शुल्क ४०० रुपये होते आणि आम्ही तीसेक जण होतो. ज्याच्या हाती आपण पाच वर्षांसाठी सत्ता सोपवतो, त्याचे चारित्र्य आणि मन त्या जबाबदारीला पेलणारे आहे की नाही, हे डॉक्टर नसलेल्या मतदाराने कशावरून ठरवावे, हा प्रश्न मला कित्येक वर्षे छळत होता. नोकरीत मी आयुष्यभर हिशेब तपासले. पुराव्याशिवाय शेरा मारायचा नाही, ही सवय त्यातूनच अंगी बाणली, आणि या वर्गाकडेही मी त्याच नजरेने पाहिले.

पहिली संध्याकाळ कायद्याची होती आणि ती उत्तम झाली. संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ नुसार एखादी व्यक्ती मनोविकल असेल आणि सक्षम न्यायालयाने तसे घोषित केले असेल, तरच त्या कारणावरून ती संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या सदस्यत्वास अपात्र ठरते. या दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात, हे मला ठाऊक नव्हते. शिवाय केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी मनोविकल ठरत नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्टपणे सांगतो. व्याख्यात्यांनी येथे डॉ. राजेंद्रप्रसादांच्या २६ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाची आठवण करून दिली. कायदा राबवणाऱ्यांकडून आपण मोठी पात्रता मागतो, पण कायदा करणाऱ्यांसाठी निवडून येण्यापलीकडे काहीच मागत नाही, याची खंत त्यांनी संविधान सभेत बोलून दाखवली होती. ती उणीव आजही मतदारालाच भरून काढावी लागते.

दुसऱ्या संध्याकाळी एक मानसोपचारतज्ज्ञ आले. त्यांनी सुरुवातीलाच सांगितले की, ते कोणत्याही हयात नेत्याचे निदान करणार नाहीत, आणि त्यामागचे कारणही उलगडून सांगितले. १९६४ साली अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदासाठी उभे असताना एका नियतकालिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्रे पाठवून त्यांच्या मानसिक योग्यतेविषयी मत मागवले. उत्तर दिलेल्या २,४१७ जणांपैकी १,१८९ जणांनी त्यांना अयोग्य ठरवले, आणि तेही त्यांना कधी न तपासता. गोल्डवॉटर यांनी बदनामीचा खटला जिंकला, आणि तपासणी व संमतीशिवाय सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत देऊ नये, हा नियम १९७३ मध्ये तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आचारसंहितेत घातला.

याच चर्चेत मागच्या रांगेतून एक गृहस्थ एका नेत्याचे नाव घेऊन म्हणाले, “त्याले तर पागलखाना चौकात नेऊन सोडा.” नागपुरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला हेच नाव पडले आहे. काही जण हसले. माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त परिचारिकाबाई मात्र उभ्या राहिल्या. “भाऊ, मी मनोरुग्णालयात नोकरी केली आहे. गोळ्या घेऊन रोज वेळेवर कामावर जाणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या चौकाचं नाव शिवीसारखं वापरू नका,” एवढेच त्या बोलल्या आणि खाली बसल्या. या शहरात लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्या माणसाच्या तोंडूनही तो चौक असाच कितीदा आला असेल, या विचाराने मला मनापासून लाज वाटली.

त्यानंतर थॉमस ईगल्टन यांचे प्रकरण आले, आणि माझ्या मते संपूर्ण वर्गाचा गाभा तोच होता. १९७२ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या या उमेदवाराने पूर्वी नैराश्यासाठी रुग्णालयात विजेचे उपचार घेतल्याचे उघड झाले आणि काही दिवसांतच त्यांना उमेदवारी सोडावी लागली. आजार हा दोष नव्हे. परंतु त्यांची निवड करणारे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅक्गव्हर्न यांना त्यांनी तो सांगितला नव्हता, हा प्रश्न वेगळा आहे. आजार आणि लपवाछपवी यांची गल्लत केली, तर आपण निरपराध माणसाला शिक्षा देतो आणि खऱ्या दोषाकडे दुर्लक्ष करतो. अर्थात, सांगितले असते तर उमेदवारी मिळालीच नसती, अशी भीती ज्या समाजात असते, त्या समाजाकडेही लपवण्याचा काही दोष जातो, असे मला वाटते.

तिसऱ्या संध्याकाळी आपल्याच नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांचा इतिहास समोर ठेवण्यात आला. मध्यप्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री असताना, ज्या पदाला तेव्हा पंतप्रधान म्हणत, त्यांनी जुलै १९३८ मध्ये राजीनामा दिला. तीन सहकारी मंत्र्यांनी राजीनामा देण्यास नकार दिल्यावर गव्हर्नरने त्या तिघांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. तेही त्यांना लगेच सोडावे लागले आणि काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याला ठराव करून त्यांना जबाबदारीच्या पदास अपात्र ठरवले. ही चूक निर्णयाची, की चारित्र्याची, की केवळ पक्षशिस्तीची, यावर झालेला वाद मला फार शिकवून गेला.

दुर्दैवाने त्याच संध्याकाळचा उत्तरार्ध वाया गेला. एका पाहुण्या वक्त्यांनी आजच्या नेत्यांच्या चित्रफिती आवाज बंद करून दाखवल्या आणि चेहऱ्यावरून ‘स्वभाव ओळखा’ असे सांगितले. आदल्या दिवशी जे करू नये असे शिकलो, तेच आमच्याकडून करून घेतले जात होते. मी हरकत घेतली, पण ती नोंदवून घेण्यापलीकडे काहीच झाले नाही.

चौथ्या दिवशी प्रपत्र २६, म्हणजे उमेदवाराचे शपथपत्र, हाती आले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे मतदाराला मिळालेला हा कागद आहे. एकाच उमेदवाराची पाच वर्षांच्या अंतराने दाखल झालेली दोन शपथपत्रे, नावावर काळी शाई फिरवून, आमच्यापुढे ठेवली होती. पहिल्यात पत्नीच्या रकान्यात ‘निरंक’ होते, दुसऱ्यात तीन भूखंड होते. खटल्याचा क्रमांक तोच होता आणि दोषारोप अजून निश्चित झालेले नव्हते. भूखंड वाढले म्हणजे अप्रामाणिकपणा सिद्ध झाला असे नाही, हे शिक्षकांनी बजावले. पण प्रचाराला आलेल्या उमेदवाराला त्याविषयी विचारायचा प्रश्न मात्र त्यातूनच तयार होतो, आणि त्या प्रश्नाला तो उत्तर देतो की विचारणाऱ्यावरच भडकतो, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहू शकतो. त्या कागदावर आरोग्याचा रकाना नाही. दुसऱ्या संध्याकाळनंतर मला तो नसल्याचे समाधानच वाटले.

हिवाळी अधिवेशन ज्या शहरात भरते, तेथील वर्गाने विधानभवनाच्या प्रेक्षक सज्जाची एकही भेट ठेवू नये, ही उणीव मला सर्वांत जास्त बोचली. सभागृहात प्रतिस्पर्ध्याचे बोलणे पूर्ण ऐकून घेतो तो कोण, हे तेथे अर्ध्या दिवसात दिसते. वर्ग भरतो ते वाचनालयाचे सभागृह दुसऱ्या मजल्यावर असून तेथे उद्वाहन (लिफ्ट) नाही, हेही ज्येष्ठांनी लक्षात घ्यावे. या उणिवा धरूनही पुढील वर्गासाठी मी माझ्या मुलीचे नाव नोंदवले आहे. ती पुढल्या निवडणुकीत पहिल्यांदा मतदान करणार आहे.