तारे पाहायला १०×५० की १५×७०?

आकाश पाहण्यासाठी पहिलीच दुर्बीण घेणार असाल तर आमचं मत १०×५० ला (म्हणजे १० पट विवर्धन आणि ५० मिमीचं पुढचं भिंग). निकॉनची अ‍ॅक्युलॉन ए२११ १०×५० आणि सेलेस्ट्रॉनची स्कायमास्टर १५×७० यांत बरेच जण अडकतात. कागदावर दुसरी सरस वाटते: ७० मिमीचं भिंग ५० मिमीच्या जवळपास दुप्पट प्रकाश गोळा करतं. पण तो प्रकाश डोळ्यापर्यंत स्थिर पोहोचला तरच उपयोग.

निकॉनचं वजन साधारण ९०० ग्रॅम. खुर्चीत मागे रेलून, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवली की ती बऱ्यापैकी स्थिर राहते. दृश्यक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा पट्टा, ६.५ अंशांचं, त्यामुळे मृगातल्या बाणाचे तिन्ही तारे आणि त्यांच्याजवळचा तेजोमेघ एकदम दिसतात. स्कायमास्टरच्या ४.४ अंशांत ते सगळे एकदम मावत नाहीत, आणि नवख्याला तारा शोधतानाही हा फरक फार जाणवतो. निकॉनमध्ये कडेचे तारे थोडे पसरट दिसतात, पण मधला भाग छान आहे.

तिची खरी अडचण चष्मेवाल्यांना. डोळा नेत्रभिंगापासून किती लांब ठेवता येतो ते अंतर फक्त ११.८ मिमी आहे, म्हणून चष्म्यासकट पाहिलं की दृश्याच्या कडा कापल्या जातात. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा, फोकस ते सांभाळून घेतो. सिलिंड्रिकल नंबर मात्र फोकसने जात नाही. तो जास्त असेल तर १५ मिमीहून अधिक अंतराची दुर्बीणच हवी. स्कायमास्टरमध्ये ते १८ मिमी आहे.

स्कायमास्टर सुमारे १.३६ किलोची. १५ पट विवर्धनात हाताची थरथरही १५ पट होते, गुरूचे चंद्र नुसत्या रेघा होतात. ट्रायपॉड लागतोच (अ‍ॅडाप्टर सोबत येतो), आणि डोक्यावरचं आकाश पाहताना त्या ट्रायपॉडखाली मान घालणं महाकठीण. ट्रायपॉड आधीच असेल आणि अंधारं आकाश मिळत असेल, तर तेजोमेघ आणि तारकागुच्छांसाठी ती जरूर घ्या.

कुठलीही घ्या, पैसे देण्याआधी हे बघा. दुर्बीण हातभर लांब, उजेडाकडे धरा: नेत्रभिंगात दिसणारी प्रकाशाची चकती पूर्ण गोल हवी. कडा करड्या, चौकोनी वाटल्या तर आतले लोलक (प्रिझम) हलक्या प्रतीच्या काचेचे आहेत. मग दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का ते तपासा. हे सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं. एका ठळक ताऱ्यावर, दिवसा असाल तर दूरच्या एखाद्या चमकत्या ठिपक्यावर, फोकस करा आणि उजव्या डोळ्याची डायॉप्टर रिंग (त्या डोळ्याचा फोकस वेगळा जुळवणारं कडं) टोकापर्यंत फिरवा. उजवीकडे धूसर चकती होईल. डावीकडचा टोकदार ठिपका तिच्या मध्यावर यायला हवा. किंचित आडवा सरकला तर डोळे जुळवून घेतात. वर-खाली सरकला तर परत करा, नाहीतर थोड्याच वेळात डोकं दुखायला लागेल. धक्क्याने लोलक सरकले की हा दोष येतो, म्हणून कुरिअरने आलेल्या दुर्बिणीची ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्या.

झूमवाल्या आणि लाल भिंगांच्या दुर्बिणी रात्रीसाठी नकोतच.