विपश्यना : दहा दिवस माहुरझरीत, दहा महिने वावरात

मागच्या फेब्रुवारीत तूर घरात आली, चणा घाट्यावर होता, तेवढ्या सवडीत नागपूरजवळ माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रात विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलं. शिबिराबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून थोडक्यात सांगतो. पहाटे ४ ला घंटा, दिवसाला दहाएक तास बसणं, पहिले तीन दिवस नुसता श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावर उठणाऱ्या संवेदना नुसत्या पाहत राहणं. फोन जमा, मौन सुटतं दहाव्या दिवशी. फी नाही, शिबिर पूर्ण झाल्यावर वाटलं तर दान. गुडघे मात्र सगळं वसूल करतात.

खरी परीक्षा घरी. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास रोज बसा, असं निघताना सांगतात. हे सांगणाऱ्याला कपाशी नसावी, असं मला मार्चमध्येच वाटलं. (तसे ही शिबिरं सुरू करणारे गोएंका गुरुजीही ब्रह्मदेशात धंदा सांभाळणारे संसारी गृहस्थच होते, म्हणून तक्रारीला जोर येत नाही.) पहिले एकोणीस दिवस दोन्ही वेळा बसलो. मग भाच्याचं लग्न आलं आणि संध्याकाळची बैठक गेली ती गेलीच. जूनमध्ये मृग बरसला, पेरलं, पावसानं दडी मारली, दुबार पेरणी. श्वास पाहायला बसायचो आणि ढग पाहून उठायचो. जुलैत सगळंच बंद.

परत सुरू झालं ते माझ्या निग्रहानं नाही. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाचं पहाटेचं सामुदायिक ध्यान चालतं, तुकडोजी महाराजांच्या वेळेपासूनचा शिरस्ता. तिथले एक आबाजी शिबिराला निघालो तेव्हाच म्हणाले होते, "दहा दिवस कायले जा लागते बापू? आपल्या इथं रोज होते ना ध्यान." ऑगस्टमध्ये त्यांच्या भोंग्यानं जाग आली, झोप लागेना, तर बसलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. आता भोंगा वाजला की उठतो आणि घरीच बसतो. पद्धती मिसळू नका, असं शिबिरात बजावतात. मी मिसळत नाही, फक्त भोंगा त्यांचा वापरतो. आबाजींना हे सांगितलं तर ते हसले, "मंग वर्गणी देत जा."

फरक पडला का? एकच सांगतो. नोव्हेंबरमध्ये कापूस विकायला घेऊन गेलो. बारा टक्क्यांवर ओलावा आहे म्हणून गाडी बाजूला लावली. आधीचा मी असतो तर तिथंच शिव्यांची सरबत्ती केली असती. कान तापले, छातीत धडधडलं, ते सगळं ओळखू आलं. बोललो उशिरा, आणि बोललो ते एवढंच, की गाडीच्या खालचा कापूस काढून परत मोजा. परत मोजला. आकडा तोच आला. दोन दिवस वाळवून पुन्हा नेला, भाड्याचा भुर्दंड पडला. ध्यानानं ओलावा कमी होत नाही, हे लिहून ठेवा. पण त्या रात्री जेवताना ताट सरकवलं नाही, पोरावर ओरडलो नाही. आमच्या घरात ही बातमी होती. घरवालीचं मत विचारलं तर म्हणाली, "आवाज कमी झाला तुमचा. हेका तसाच हाय."

कोणाला जायचं असेल तर तूर काढल्यावर जा, हंगामात जाऊन मन घरी ठेवू नका. सैल पायजमे न्या. आणि परत आल्यावर पंधरा दिवस कोणाला उपदेश करू नका. मी केला होता, भावजय अजून टोमणे मारते.

सध्या पंपाची लाइन रात्रीची आहे. चण्याला स्प्रिंकलर लावला की पाइप बदलेपर्यंत तीन तास मोकळे असतात, म्हणून मचाणावर बसून पाहिलं. खाली रानडुकरं खुसफुसली की समता (शिबिरात शिकवतात ते मन स्थिर ठेवणं) वगैरे विसरून बॅटरी शोधतो. या आठवड्यात सातपैकी चार पहाटा झाल्या. संध्याकाळची बैठक अजून एकही नाही.