‘डायबेटिक किडनी पॅकेज’ घ्यायचं की सुट्या टेस्ट करायच्या?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरी येऊन रक्त-लघवी नेणाऱ्या लॅब ‘डायबेटिक किडनी’ नावाचं पॅकेज देतात. खेड्यातल्या वयस्कर माणसाला उपाशीपोटी बस गाठावी लागत नाही, ही सोय खरीच. पण यादीची लांबी बघून पैसे मोजू नयेत.

आधी यादीत एसीआर शोधा, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ) यांचं प्रमाण. त्याच्या जागी नुसती ‘युरिन रुटीन’ असेल तर पॅकेज सोडून द्या. रुटीनमधल्या रंग बदलणाऱ्या पट्टीला अल्ब्युमिनची सुरुवातीची बारीक गळती दिसत नाही आणि ‘प्रोटीन निल’ वाचून माणूस निर्धास्त होतो. एसीआर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली, ३०० च्या वर गेला तर ती बरीच वाढली. काही लॅब मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये आकडा देतात. तिथे ३ म्हणजे इथले साधारण ३०. एकक न बघता घाबरू नका, खूशही होऊ नका.

एका रिपोर्टवर निदान होत नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच ते धरतात. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा द्यावा. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशी उसाच्या फडात केलेलं जड काम, यातल्या कशानेही आकडा फुगतो. खानापूरहून निघालेली बाटली दुपारपर्यंत पिशवीत फिरणार असेल तर थंड पेटी आहे का, हे नेणाऱ्याला विचारा.

रक्तातल्या क्रिएटिनिनसोबत ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, छापून मागा. ६५ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ आलं तर रिपोर्टवर बहुधा लाल खूण नसते, पण हिशेब केला तर ईजीएफआर ५६ च्या आसपास निघतो. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार धरतात.

आता ‘इम्युनिटी मार्कर’. पॅकेजची किंमत चढते ती अशा ओळींनी, आणि ही ओळ बहुधा एचएस-सीआरपीची, म्हणजे शरीरातला दाह (सूज) मोजणाऱ्या रक्ततपासणीची असते. मागचं शास्त्र खोटं नाही. साखर दीर्घकाळ चढी राहिली की किडनीतल्या पेशी एमसीपी-१ सारखे रासायनिक सांगावे सोडतात. त्या हाकेला रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि तिथेच मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी बनून बसतात. त्या टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा ही दाह वाढवणारी रसायनं सोडून दाह पेटता ठेवतात, पुढे टीजीएफ-बीटा या रसायनामुळे किडनीच्या गाळण्यांत व्रण धरतात. पण हे सगळं किडनीच्या आत चालतं. सीआरपी यकृतात बनतं आणि किडलेल्या दाढेनेही वाढतं. त्यातून किडनीचं काही नेमकं कळत नाही, उपचारही बदलत नाही. ही ओळ काढून दर कमी करून मागा.

सोबत ‘इम्युनिटी वाढवणारं’ चूर्ण सुचवलं तर सरळ नाही म्हणा. इथे रोगप्रतिकार यंत्रणा कमी पडत नाहीये, नको तिथे जास्त काम करतेय. शिवाय काही गावठी चूर्णांत जड धातू किंवा वेदनाशामकं मिसळलेली सापडतात, आणि तीच किडनीला मारक.

दाहावर परिणाम करणारी औषधं आहेत. फिनेरेनोन नावाची गोळी दाह आणि व्रण दोन्ही कमी करते असं मानतात. २०२० च्या फिडेलिओ या रुग्णांवरच्या चाचणीत तिने किडनीची घसरण मंदावली. मात्र त्यात पोटॅशियम चढू शकतं. म्हणून हे औषध चालू असणाऱ्याने पॅकेजमध्ये पोटॅशियम नसेल तर ते सुटं जोडून घ्यावं.

टाइप २ डायबेटिस असेल तर निदान झाल्याबरोबर, टाइप १ मध्ये पाच वर्षांनी, आणि मग दरवर्षी एसीआर व ईजीएफआर एवढंच पुरे. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) झालेलं नसेल तर तेही त्याच सुईत. कोल्हापूर-मिरजेला दाखवायला जाणाऱ्यांनी वर्षभराच्या टेस्ट एकाच लॅबमध्ये कराव्यात. लॅब बदलली की एसीआरचे आकडे एकमेकांशी ताडून बघणं अवघड जातं.