अक्षरं गिरवायच्या वह्यांची एकच माला की दर काही महिन्यांनी नवी?

मुलीला घरीच शिकवणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, सहा वर्षांच्या लेकीला कंटाळा आलाय, लेखनाचा अभ्यासक्रम बदलू का?

खर्चात एकाच मालेची बाजू वरचढ. बदलणाऱ्यांच्या कपाटात पहिली दहा पानंच भरलेल्या वह्यांची चळत असते (आमच्याकडे चार होत्या).

खरा फरक क्रमाचा आहे. काही वह्या अ, आ, इ पासून सुरू होतात, काही ग, म, भ, न पासून. दुसऱ्या रीतीत सारख्या वळणाची अक्षरं एकत्र येतात: म, भ, न या तिन्हींत गाठ आणि उभी दांडी, म्हणून हात लवकर बसतो. मध्येच माला बदलली की काही अक्षरं दोनदा गिरवली जातात आणि काही राहूनच जातात. शिवाय हिंदीसाठी छापलेल्या वहीत ल आणि श वेगळे दिसतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, 2022 च्या शासन निर्णयातही तसंच आहे.

कंटाळ्याच्या बाबतीत मात्र बदल जिंकतो, पण जेमतेम पंधरा दिवस. नवी वही जुनी झाली की रडगाणं तेच.

मेहनत? नवी माला म्हणजे आईबाबांनाही पुन्हा श्रीगणेशा.

अक्षरं अजून बसायची असतील तर एकच माला धरा. कंटाळ्यावर उतारा म्हणून वाण्याची यादी, आजीला पत्र. जोडाक्षरांसकट वाक्यं लिहिता येत असतील तर खुशाल बदला. पेन्सिल धरतानाच बोटं दुखत असतील, तर दोन्ही वह्या मिटा आणि बोटांत बळ यावं म्हणून कणीक मळायला द्या.