‘सबसिडीतच हप्ता फिटतो’ असं कुणी सांगितलं तर आधी हे वाचा

गेल्या महिन्यात कराडहून आत्तेभावाचा फोन आला. त्याची छोटी डेअरी आहे. दूध तापवायला, कॅन धुवायला दिवसभर गरम पाणी लागतं आणि डिझेलचं बिल आता त्याला झेपेनासं झालंय. एक एजंट येऊन गेला होता. ब्रिकेटवर (भुसा दाबून केलेल्या विटांवर) चालणारा बॉयलर, सरकारी अनुदान, बँकेचं कर्ज, सगळं एजंटच करून देणार. “दादा, सबसिडीतच हप्ता फिटतो म्हणतायत. आपल्या खिशातून काहीच जात नाही.”

अगदी हेच वाक्य मी २०१४ च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या आमच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं होतं. त्या वाक्यापायी पुढची सात वर्षं आम्ही काय भोगलं, ते भावाला दीड तास सांगितलं. मग वाटलं, लिहूनच काढावं. आपल्यातले बरेच जण इथे केअर होम, हॉटेल, गेस्ट हाउस चालवतात, आणि गावाकडेही असे एजंट दारोदार फिरताहेत.

आम्ही नवरा-बायको इंग्लंडमधल्या श्रॉपशरमध्ये वृद्धांसाठी २४ खाटांचं केअर होम चालवतो. बायको नर्स आहे, हिशेब आणि इमारत माझ्याकडे. गावात गॅसची पाइपलाइन नाही, त्यामुळे तेव्हा हीटिंग तेलावर चालायचं. वर्षाला साधारण २०,००० लिटर तेल. आमच्याकडची माणसं ऐंशी-नव्वदीतली, त्यांना गारठा सोसत नाही. जूनमध्येसुद्धा एखाद्या रात्री रेडिएटर चालू करावे लागतात. तेलाचा टँकर दारात आला की माझ्या पोटात गोळा यायचा.

अशात तो सेल्समन आला. ब्रिटन सरकारची योजना खरी होती, हे आधी सांगतो. रिन्यूएबल हीट इन्सेन्टिव्ह, सगळे आरएचआय म्हणायचे. व्यवसायांसाठी ती नोव्हेंबर २०११ मध्ये सुरू झाली. लाकडाच्या पेलेटवर (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर) किंवा तशा नवीकरणीय इंधनावर इमारत गरम करायची, उष्णता मोजणारा हीट मीटर लावायचा, आणि मीटरवर जितके युनिट (किलोवॅट-तास) पडतील तितके पैसे सरकारकडून दर तीन महिन्यांनी घ्यायचे, सलग वीस वर्षं. कामकाज ऑफजेम ही नियामक संस्था बघायची. खोटी होती ती त्या माणसाने या खऱ्या योजनेवर रचलेली आकडेमोड.

त्याने आम्हाला १९९ किलोवॅटचा बॉयलर सुचवला. “एवढा मोठा कशाला?” मी विचारलं. तर त्याने नियम समजावून सांगितला, आणि तो नियम अगदी बरोबर होता. दराचे दोन टप्पे होते. बॉयलरची क्षमता गुणिले १,३१४ तास, इतक्या युनिटपर्यंत वरचा दर, त्यापुढच्या युनिटना खालचा. २०० किलोवॅटच्या आतले बॉयलर छोट्या गटात यायचे आणि त्या गटाचा दर सगळ्यात चांगला होता. त्या वेळी वरचा दर युनिटला ८.४ पेन्स (शंभर पेन्सचा एक पौंड) आणि खालचा २.२ पेन्स. बॉयलर जितका मोठा, तितके जास्त युनिट वरच्या दरात बसणार. मी घरी तपासून पाहिलं, पटलं. आणि एक गोष्ट खरी निघाली म्हणून बाकीच्या सगळ्यांवर विश्वास टाकला. आमचं खरं नुकसान तिथे झालं.

त्याच्या कागदावर लिहिलं होतं: १९९ किलोवॅट, वर्षाला २,००० तास, म्हणजे ३,९८,००० युनिट, दर ८.४ पेन्स, उत्पन्न वर्षाला ३३,४३२ पौंड. त्या आकड्याभोवती हिरव्या मार्करने गोल केलेला. तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

आता यातली पहिली चूक बघा. त्यानेच सांगितलेल्या नियमाप्रमाणे वरचा दर २,६१,४८६ युनिटपर्यंतच मिळणार होता, उरलेल्यांना २.२ पेन्स. तसं मांडलं तर २५,००० पौंडांच्या आतच बेरीज येते. म्हणजे एका गुणाकारात साडेआठ हजार पौंड हवेतून काढले होते.

दुसरी चूक त्याहून मोठी, आणि ती पकडायला लागणारे कागद माझ्याच कपाटात होते. एक लिटर तेलात साधारण १० युनिट उष्णता असते. २०,००० लिटरचे २,००,००० युनिट. जुना बॉयलर त्यातली ऐंशी टक्के देत होता असं धरलं तर आमच्या इमारतीला वर्षाला लागत होते १,६०,००० युनिट. मग ३,९८,००० युनिट आम्ही वापरणार कुठे? खिडक्या उघड्या टाकून? इमारतीला जेवढी ऊब लागते तेवढीच ती घेणार. बॉयलर किती मोठा आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. तेलाची बिलं आणि कॅल्क्युलेटर, पाच मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही. तो समोर बसून चहा पीत होता, बोलायला सभ्य होता, आणि “ऑक्टोबरमध्ये दर उतरणार, आज सही केलीत तर आजचा दर पक्का” असं सांगत होता.

दर खरंच उतरणार होता. योजनेत जास्त लोक आले की सरकार नव्या अर्जदारांचा दर कमी करत जायचं, इथे त्याला डिग्रेशन म्हणतात. पण सही केल्याने दर पक्का होत नाही. बॉयलर बसून चालू झाला, मीटर नियमाप्रमाणे लागला, कागद पूर्ण झाले, अर्ज मान्य होण्याजोगा झाला, की त्या तारखेचा दर मिळतो. हे मला फार उशिरा कळलं. ९२,००० पौंडांचं कर्ज, सात वर्षांची मुदत, महिन्याला १,३४४ पौंडांचा हप्ता. आम्ही ऑगस्टमध्ये सह्या केल्या.

काम चालू व्हायला ऑक्टोबर उजाडला. नोव्हेंबरअखेर अर्ज गेला आणि हीट मीटरच्या शंकेवरून परत आला. मी दुसऱ्या एका इंजिनियरला स्वतःच्या पैशाने बोलावलं. तो बॉयलरच्या खोलीत गुडघे टेकून बसला, टॉर्च लावला आणि मला म्हणाला, खाली वाका, बघा. हीट मीटरला तापमानाचे दोन सेन्सर असतात, एक जाणाऱ्या पाण्याच्या पाइपमध्ये, एक परत येणाऱ्या. आमचा दुसरा सेन्सर पाइपमधल्या खोबणीत घातलेलाच नव्हता. पाइपला बाहेरून काळ्या चिकटपट्टीने गुंडाळून ठेवला होता, आणि उष्णतेने ती पट्टी सुटून त्याचं टोक लोंबत होतं. असा मीटर खरं काय मोजणार? तो नीट बसवून, प्रमाणपत्रं जमवून अर्ज पुन्हा गेला तो जानेवारी २०१५ मध्ये. तोपर्यंत दर ६.८ पेन्सवर आला होता.

१,६०,००० युनिट गुणिले ६.८ पेन्स, म्हणजे १०,८८० पौंड. वर्षाचे हप्ते १६,१२८. पेलेटचा खर्च वेगळा. त्यात त्याच हिवाळ्यात तेलाचे भाव कोसळले, त्यामुळे इंधनात वाचणार होते तेही वाचले नाहीत.

पैशाचं एक वेळ सोसलं. पण गरजेपेक्षा मोठा बॉयलर नीट जळत नाही, हे कुणीच सांगितलं नव्हतं. तो दणक्यात पेटतो, पाणी लगेच तापतं, बंद पडतो, पुन्हा पेटतो. आत राखेचे दगडासारखे गोळे धरतात. नंतरच्या इंजिनियरने सांगितलं की आमच्या इमारतीला ८०-९० किलोवॅट पुरले असते. वरचा दर जास्त युनिटना मिळावा म्हणून आणखी कितीतरी हजार पौंडांचं लोखंड आमच्या गळ्यात मारलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री साडेतीनला बॉयलर बंद पडला. जुना तेलाचा बॉयलर त्यांनी “नियमाने काढावाच लागतो” म्हणून उचलून नेला होता. तसा नियम नव्हता, बॅकअपला ठेवता आला असता. बायको आणि रात्रपाळीच्या दोघी खोल्याखोल्यांतून जादा पांघरुणं घालत फिरत होत्या. एक ९१ वर्षांच्या आजी बायकोचा हात धरून विचारत होत्या, “मी काही चुकीचं केलं का?” मी त्यांच्या दारात उभा होतो. त्या रात्रीची लाज माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

कंपनीला फोन केले, पत्रं पाठवली. वकिलाने सांगितलं, करार दोन व्यवसायांमधला आहे, घरगुती ग्राहकाला मिळतं ते संरक्षण तुम्हाला नाही. शिवाय कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं की उत्पन्नाचे आकडे अंदाजे आहेत, हमी नाही. २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. वॉरंटीही तिच्याबरोबरच गेली. दिवाळखोर कंपनीचा हिशेब मिटवणाऱ्या लिक्विडेटरचं पत्र आलं, देणेकऱ्यांच्या यादीत आमचं नाव होतं, हातात एक पैसाही पडला नाही. कंपनीज हाउस या ब्रिटनमधल्या कंपन्या नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या नोंदी आता कुणालाही फुकट बघता येतात. त्यात दिसलं की आमच्या त्या कंपनीच्याच एका संचालकाने आधीही अशीच एक कंपनी बंद केली होती. सहीपूर्वी अशा कंपनीचा आणि संचालकांचा इतिहास जरूर बघा.

त्याच सुमारास उत्तर आयर्लंडचं प्रकरण पेटलं. तिथली वेगळी योजना नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाली होती. दर इंधनाच्या किमतीहून जास्त ठेवला आणि इथल्यासारखा दोन टप्प्यांचा लगामही घातला नाही, म्हणजे जितकं जाळाल तितका नफा. लोक त्याला ‘कॅश फॉर ॲश’ (राखेसाठी रोकड) म्हणू लागले. जादा खर्चाचा अंदाज ४९ कोटी पौंडांपर्यंत गेला. जानेवारी २०१७ मध्ये मार्टिन मॅकगिनेस यांनी उपप्रथम मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि तिथलं सरकार तीन वर्षं उभं राहिलं नाही. बातम्या बघून आमच्या एका रहिवाशाच्या मुलाने मला सरळ विचारलं, “तुमचा बॉयलरपण त्यातलाच का?” फसवलं गेल्यावर वर चोर ठरणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं. मी त्याला बॉयलरच्या खोलीत नेऊन मीटर आणि हप्त्यांची पासबुकं दाखवली.

आणि एक. ही योजना नव्या अर्जांसाठी २०२१ मध्ये बंद झाली. त्यानंतर आम्हाला फोन यायला लागले, “तुम्हाला आरएचआय चुकीचं विकलं गेलं, भरपाई मिळवून देतो, आधी १,८०० पौंड प्रोसेसिंग फी.” आमचं नाव, बॉयलरची क्षमता, सगळं त्यांना माहीत होतं. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात असं माझं ठाम मत झालंय. बायकोने फोन हातातून घेऊन ठेवून दिला. नाहीतर मी कार्ड नंबर सांगितला असता, इतका मी त्या पैशासाठी आसुसलो होतो.

कर्ज २०२१ च्या शेवटी फिटलं. आमचे पैसे २०३५ पर्यंत येतील. दर तीन महिन्यांनी मी स्वतः खाली जाऊन मीटर वाचतो आणि त्याचा फोटो काढून ठेवतो.

भावाला मी एजंटला विचारायचे तीनच प्रश्न दिले. योजनेचं नेमकं नाव आणि शासन निर्णयाचा क्रमांक काय? अनुदान कुणाच्या खात्यात जमा होणार, माझ्या की तुमच्या? आणि माझ्या डेअरीला वर्षाला किती उष्णता लागते ते तुम्ही माझ्या डिझेलच्या बिलांवरून काढलंय की बॉयलरच्या आकारावरून? पहिल्या प्रश्नाला एजंट म्हणाला, “त्याची काळजी नको, आपली वर सेटिंग आहे.”

भावाने काल मला दोन वर्षांच्या डिझेल बिलांचे फोटो पाठवले. एजंटकडून लेखी कोटेशन अजून आलेलं नाही. तोवर बँकेच्या कुठल्याही कागदावर सही करणार नाही, असं त्याने आत्यासमोर मला सांगितलंय.