मुलांच्या आरोग्यनोंदी: आधी कुलूप, की नंतर तपासणी?

लहान मुलांच्या आरोग्यनोंदी संगणकावर आणताना एक निर्णय टाळता येत नाही. कोणत्या कर्मचाऱ्याला काय दिसेल हे आधीच ठरवून बाकीचं बंद ठेवायचं, की सगळ्यांना सगळं पाहू द्यायचं आणि कोणी काय उघडलं याची नोंद ठेवायची?

कुलूपाच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलाच्या फाईलमध्ये फक्त मूल नसतं. आईचं बाळंतपणानंतरचं नैराश्य, दत्तकविधान, घरातली मारहाण, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. नवऱ्याच्या त्रासाने घर सोडलेल्या आईचा नवा पत्ताही तिथेच असतो, आणि तो नवरा किंवा त्याची बहीण त्याच रुग्णालयात नोकरीला असू शकते. असा पत्ता एकदा कोणी वाचला, की नंतरची चौकशी म्हणजे वरातीमागून घोडं. लस देणाऱ्या नर्सला जन्मतारीख, आधीचे डोस आणि पूर्वी आलेली रिअ‍ॅक्शन एवढं दिसलं की तिचं काम होतं.

पण कुलूप घट्ट झालं की त्रास सुरू होतो. रात्री झटके येणारं मूल आणलंय, त्याला कोणती औषधं चालू आहेत हे कळायला हवं आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला फाईल उघडत नाही. मग तो शेजारच्याचा पासवर्ड मागतो. दुसऱ्या दिवसापासून तो पासवर्ड सगळ्या वॉर्डाचा होतो आणि नोंदीतल्या नावाला काही अर्थ उरत नाही.

खुल्या पद्धतीत ही अडवणूक नाही, पण तिथे सगळी भिस्त नोंदीवर. फिनलंडमधली एक परिचारिका ज्या रुग्णालयात नोकरी करायची तिथेच एचआयव्हीचे उपचार घेत होती, आणि सहकाऱ्यांनी आपली फाईल पाहिल्याचा तिला संशय होता. रुग्णालयाच्या नोंदीत फक्त शेवटच्या पाच वेळा फाईल कुठे पाहिली गेली ते दिसायचं, तेही विभागाच्या नावाने. कोणी पाहिली हे सिद्ध होईना, म्हणून देशातल्या न्यायालयांत ती हरली. 2008 साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. ती निदान स्वतः भांडू शकली. तीन वर्षांच्या मुलाला आपली फाईल कोणी चाळली याचा पत्ताही लागत नाही.

मधला मार्ग आहे, त्याला ब्रेक-ग्लास म्हणतात: फाईल बंद, पण कारण लिहून तातडीने उघडता येते आणि लगेच वरिष्ठांना कळतं. अमेरिकेच्या हिपा या आरोग्यमाहिती जपण्याच्या कायद्याखालच्या सुरक्षा नियमातही प्रत्येकाची वेगळी ओळख आणि आणीबाणीत माहिती मिळवण्याची ठरलेली पद्धत, दोन्ही सक्तीच्या आहेत. मात्र कारणाच्या रकान्यात रोज नुसतं टिंब पडायला लागलं, तर कर्मचाऱ्यांना रागावण्याआधी परवानग्या तपासा. त्या कामाला पुरत नसणार.

माझं मत स्पष्ट आहे. चार-पाच जणांच्या दवाखान्यात खुली पद्धत चालेल, पण प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं आणि कोणी कोणती फाईल उघडली याची यादी प्रमुखाने दर आठवड्याला स्वतः वाचायला हवी. मोठ्या रुग्णालयात कुलूप आणि ब्रेक-ग्लासच. हिंसाचार, दत्तक आणि पत्त्याचा भाग दोन्हीकडे वेगळा बंद.

यादी वाचताना कर्मचारी आणि मुलाचं एकच आडनाव, एकच पत्ता, अपॉइंटमेंट नसताना उघडलेली फाईल यांवर नजर ठेवा. कर्मचाऱ्याने स्वतःच्या मुलाची फाईल उघडली तरी विचारा. त्यात दुसऱ्या पालकाने किंवा वयात आलेल्या मुलाने डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेलं असू शकतं. प्रत हवी असेल तर इतर पालकांसारखा अर्ज करावा.

सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याला समोर बसवून एक चाचणी फाईल उघडा, काहीही न बदलता बंद करा आणि ती कोणी पाहिली ते दाखवायला सांगा. फक्त बदल केल्याचीच नोंद होत असेल, तर ते घेऊ नका.