पाट्या उरल्या, अक्षरे पुसली गेली

शालेय शिक्षणाच्या इतिहासाला वाहिलेल्या संग्रहालयात जुने बाक, दौती आणि छड्या यांपलीकडे फारसे काही नसेल, अशा समजुतीने मी आत गेलो. ती पहिल्याच दालनात खोटी ठरली. तेथे कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाच्या १६५८ च्या सचित्र पाठ्यपुस्तकाची प्रतिकृती उघडून ठेवली आहे. चित्रातील वस्तूला क्रमांक द्यायचा आणि मजकुरात त्या वस्तूच्या नावाला तोच क्रमांक जोडायचा, ही त्यातील युक्ती आजही जुनी वाटत नाही.

खरा वेळ द्यावा तो मॉनिटर पद्धतीच्या दालनाला. अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकांनी मद्रासमध्ये वाळूत बोटाने अक्षरे गिरवणारी स्थानिक मुले पाहिली, आपल्या देखरेखीखालील अनाथ मुलांच्या शाळेत ती रीत आणली, मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक, म्हणजेच मॉनिटर, केले आणि या प्रयोगाचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनमध्ये छापला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये शाळा काढली आणि एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसवण्याची अशीच व्यवस्था उभी केली. येथे ठेवलेल्या वाळूच्या पेटीत स्वतः लिहून पाहता येते. अक्षर काढून हात फिरवला की पेटी पुढच्या मुलासाठी कोरी होते, आणि इतक्या मुलांना शिकवणे इतक्या थोड्या खर्चात कसे शक्य झाले, हे माहितीफलक न वाचताही कळते.

त्यापुढे १८६२ च्या इंग्लंडमधील नियमांची माहिती आहे. मुलांची हजेरी आणि वाचन, लेखन, गणित यांत निरीक्षकाने घेतलेली परीक्षा यांवर शाळेचे अनुदान ठरू लागले. हे वाचून शेजारच्या हजेरीपटाकडे पाहिले की त्यातील काटेकोर खुणांचे कौतुक जरा कमी होते. शिक्षेचे दालन मात्र मी लवकर ओलांडले. छड्या पाहून कोणाच्या ज्ञानात भर पडेल, असे वाटत नाही.

माझी मुख्य तक्रार वह्यांच्या कपाटाबद्दल आहे. तेथील प्रत्येक वहीत कित्त्याबरहुकूम वळणदार अक्षर आहे, जणू पूर्वीच्या मुलांचे अक्षर कधी बिघडतच नसे. वास्तविक जपल्या जातात त्या बहुधा चांगल्याच वह्या. चुका पाटीवर होत आणि ओल्या फडक्याने पुसल्या जात. शेजारीच दोन डझन कोऱ्या पाट्या मांडलेल्या असताना एवढी एक ओळ फलकावर लिहायला हवी होती. शिवाय हे फलक इतके उंच लावले आहेत की दहा वर्षांच्या मुलाला ते टाचा उंचावून वाचावे लागतात.

संग्रहालय पाहण्यास दीड तास पुरतो. शाळांच्या सहलींची वेळ टाळून जावे, म्हणजे वाळूच्या पेटीपाशी मोठ्या माणसांचाही नंबर लागतो.